साखरदाणी : रिकाम्या भांड्याचे वाचन

संस्कृत कोशात 'शर्करा' हा शब्द काढून पाहिला तर त्याचे सुरुवातीचे अर्थ गोड नाहीत. खडे, रेव, वाळू हे अर्थ आधी येतात. उसाच्या रसापासून केलेली दाणेदार साखर नंतर येते. आणि त्याच नोंदीत आणखी एक अर्थ आढळतो : फुटलेल्या मातीच्या भांड्याचा तुकडा, म्हणजे खापरी. तोंडात विरघळणारी वस्तू आणि पायाला बोचणारी वस्तू एकाच शब्दाने सांगावी, असे आपल्या पूर्वजांना वाटले याचे कारण दोहोंचा खडेपणा हे असावे. हाच शब्द पुढे फारसीत 'शकर' आणि अरबीत 'सुक्कर' झाला व युरोपातील बहुतेक भाषांनी तो उचलला. इंग्रजांच्या चहाच्या मेजावरील भांड्यात जे भरले जाई त्याचे नाव असे आपल्याकडून गेलेले आहे.

भांड्याच्या नावाची कथाही कमी वळणाची नाही. हिंदीत आणि बंगालीत 'चीनी' म्हणजे साखर. मराठीत 'चिनी' म्हटले की माती आठवते. एका भाषेने त्या देशाचे नाव भांड्यातील पदार्थाला दिले, दुसरीने भांड्याला. युरोपीय भाषांत या मातीला 'पोर्सेलीन' म्हणतात. हा शब्द मूळ इटालियन 'पोर्चेल्लाना'वरून आला आणि त्याचा अर्थ आहे कवडी. चीनहून आलेल्या भांड्यांची झिलई कवडीच्या पाठीसारखी चकाकते म्हणून हे नाव पडले. आपल्याकडे 'कवडीमोल' हा शब्द तुच्छतेने वापरला जातो. अठराव्या शतकातील व्यापाराच्या हिशेबात मात्र कवडी तुच्छ नव्हती. मालदीवच्या समुद्रातील कवड्या हिंदुस्थानातील बंदरांमधून लंडन व ॲमस्टरडॅमला जात, तेथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचत आणि तेथे त्या देऊन माणसे विकत घेतली जात. ती माणसे पुढे वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर राबत.

कवडीच्या नावाचे भांडे आणि त्यात कवडीच्या मोलाने घेतलेल्या माणसांनी पिकविलेली साखर, अशी ही जोडी आहे. अर्थात हा शब्दांचा योगायोग आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु साखरदाणीकडे संग्राहकाच्या नजरेने पाहावे की वाचकाच्या, असा प्रश्न या योगायोगाने आमच्यापुढे उभा केला. जुन्या चिनी मातीच्या साखरदाण्या जमविणे आणि त्यांना घरात नवे काम देणे हा आज जगभर रूढ असलेला छंद आहे. त्या छंदाविषयी लिहिताना भांड्यात पूर्वी काय होते हे विसरता येते का, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भांडे

युरोपला चिनी मातीचे वेड लागले ते सतराव्या शतकात, आणि त्या वेडाने राजेही सुटले नाहीत. सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस 'द स्ट्राँग' याने १७१७ साली आपल्या सैन्यातील ६०० ड्रॅगून शिपाई प्रशियाच्या राजाला दिले आणि मोबदल्यात चिनी मातीच्या १५१ वस्तू घेतल्या. त्यांतील मोठ्या झाकणाच्या कलशांना आजही 'ड्रॅगून कलश' म्हणतात. संग्रहाच्या इतिहासात हा प्रसंग गमतीने सांगितला जातो. पण एका वस्तूसाठी सुमारे चार जिवंत माणसे, हा भाव ऐकून हसू यावे असे त्यात फारसे काही नाही.

याच राजाच्या आश्रयाने – किंवा खरे म्हणजे कैदेत – योहान फ्रीडरिश ब्योटगर याने चिनी मातीचे रहस्य शोधले आणि १७१० साली माइसेनचा कारखाना निघाला. चीनमधील जिंगडेझेन येथे केओलिन ही पांढरी माती शतकानुशतके वापरात होती. 'केओलिन' हे नावच त्या परिसरातील गाओलिंग या ठिकाणावरून आले. इंग्लंडमध्ये विल्यम कुकवर्दी याने कॉर्नवॉलच्या मातीवर प्रयोग करून १७६८ मध्ये एकस्व मिळविले. शतकाच्या अखेरीस जनावरांच्या हाडांची राख मिसळून 'बोन चायना' करण्याची इंग्रजी पद्धत जोसाया स्पोडच्या कारखान्यात स्थिरावली. राजांच्या दालनातील वस्तू त्यानंतर दुकानदाराच्या आणि शाळामास्तराच्या घरी पोहोचली.

साखरही त्याच वाटेने त्याच घरी येत होती. सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९८५ साली साखरेच्या सामाजिक इतिहासावर जो ग्रंथ लिहिला, त्यातील आकडे बोलके आहेत. १७०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये दरमाणशी वर्षाला सुमारे ४ पौंड साखर खाल्ली जाई. १८०० च्या सुमारास ती १८ पौंडांवर गेली. चहा, साखर आणि चिनी माती या तिन्ही वस्तू एकमेकींचा हात धरून वाढल्या. चहाचा संच म्हणून जो प्रकार तयार झाला त्यात किटली, दुधाचे भांडे, उष्टावण टाकण्याचे वाडगे आणि साखरदाणी अशी चौकडी ठरून गेली.

त्या काळची साखरदाणी आजच्या मानाने थोराड दिसते. याचे कारण साखर दाणेदार स्वरूपात मेजावर येत नसे. ती शंकूसारख्या सुळक्याच्या आकारात विकली जाई. आपल्या अडकित्त्याच्या जातीच्या हत्याराने तिचे ओबडधोबड खडे फोडावे लागत आणि ते चिमट्याने उचलून प्याल्यात सोडावे लागत. खड्यांना जागा हवी, म्हणून भांडे पोटाळ आणि तोंडाने रुंद. मोरावियातील दाचित्से गावी याकूब क्रिश्टोफ राड याने १८४३ साली साखरेच्या चौकोनी वड्यांचे एकस्व घेतले. अशा वड्या सर्वत्र रूढ झाल्यावर भांड्याला आटोपशीर होण्याची मुभा मिळाली. भांड्याचे पोट पाहून त्यात कोणत्या रूपातील साखर राहत होती याचा अंदाज बांधता येतो, तो यामुळे.

संग्राहक

जुने भांडे ओळखण्याची संग्राहकांची म्हणून एक वाचनपद्धती असते, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला ती परकी वाटू नये. पाठचिकित्सक हस्तलिखिताकडे जसा पाहतो तसा संग्राहक भांड्याकडे पाहतो. ते उजेडापुढे धरले असता पलीकडच्या बोटांची सावली दिसते का. टिचकी मारली तर नाद स्वच्छ येतो की बद्द. सोनेरी रेघ नेमकी जेथे हात लागतो तेथे झिजली आहे की भलतीकडे. बुडाशी कारखान्याची खूण आहे का, आणि ती झिलईच्या खाली आहे की वर. मूळ झाकण फुटून गेले आणि दुसऱ्या भांड्याचे बसविले, तर इंग्रजी संग्राहकांच्या बोलीत अशा जोडीला 'विवाह' म्हणतात. दोन पोथ्यांची पाने एका बासनात बांधली जावीत तसलाच हा प्रकार.

तडा गेलेली भांडी पूर्वी टाकून देत नसत. दोन्ही तुकड्यांना आरपार न जाणारी बारीक छिद्रे पाडून तारेचे टाके घालीत. असे टाके असलेले भांडे बाजारात स्वस्त मिळे; आता ते टाक्यांसाठीच घेणारेही भेटतात. ते टाके पाहिले की वस्तू कोणाला तरी इतकी हवी होती, एवढे निश्चित कळते.

या छंदाचे साहित्याशी असलेले नातेही जुने आहे. चार्ल्स लॅम याने १८२३ साली जुन्या चिनी मातीच्या भांड्यांवर लिहिलेला निबंध आपल्याकडील इंग्रजीच्या अनेक पिढ्यांनी वर्गात वाचला आहे. कपावरील निळ्या आकृतींवरून निघून तो आपल्या गरिबीच्या दिवसांतील आनंदाकडे कसा वळतो, हे शिक्षक मोठ्या आवडीने सांगतात. वर्गात सहसा सांगितले जात नाही ते एवढेच, की हा निबंधकार १७९२ पासून १८२५ पर्यंत लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत कारकून होता. ज्या व्यापाराने तो कप त्याच्या हाती आणून दिला त्या व्यापाराचे हिशेब लिहिणे हा त्याचा पोटाचा धंदा होता. निबंधातील स्मरणरंजन याने खोटे ठरत नाही. पण कपावरील चित्रात दूरचे आणि जवळचे यांचे प्रमाण सुटलेले आहे, याचे त्याला वाटणारे कौतुक आपण मग निराळ्या अर्थाने वाचू लागतो.

दुसरे उदाहरण लेडी शार्लट यांचे. मध्ययुगीन वेल्श कथांचा 'मॅबिनोगिअन' हा संग्रह त्यांनी १८३८ ते १८४९ या काळात इंग्रजीत आणला. उत्तरायुष्यात त्यांना चिनी मातीने झपाटले. युरोपभर हिंडून जमविलेल्या इंग्रजी भांड्यांचा संग्रह त्यांनी १८८४ साली आपल्या दुसऱ्या पतीच्या, चार्ल्स श्रायबर यांच्या स्मरणार्थ लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमला दिला. भाषांतर आणि संग्रह ही दोन्ही कामे मुळात एकच आहेत, असे त्यांच्या चरित्रावरून वाटते : एका घरातून वस्तू उचलून दुसऱ्या घरात अशी ठेवावयाची, की तिची आधीची ओळख पुसली जाऊ नये.

नवे काम

वस्तूला नवे काम देणे, हा आजच्या काळाचा शोध नव्हे. अठराव्या शतकातील पॅरिसचे शोभेच्या वस्तूंचे व्यापारी चिनी कलशांना आणि वाडग्यांना सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाच्या बैठका व कान बसवीत आणि त्यांचे धूपपात्र वा शोभापात्र करून विकीत. जिंगडेझेनच्या कारागिराने आपल्या हातचे भांडे तेथे ओळखले असते की नाही, शंका आहे.

आपल्या घरांतही हे निराळ्या रीतीने झाले आहे. मराठी घरात चहा साखर घालूनच उकळतो. कपबशीतून समोर येतो तो गोड होऊनच. साखर फडताळातील डब्यात असते. चहाचा विलायती संच हौसेने घेतला गेला, तरी त्यातील साखरदाणीला आपल्या दिवाणखान्यात मुळी कामच नव्हते. ती काचेच्या कपाटात बसली. पुढे कान तुटला, झाकण हरवले, की तिच्यात किल्ल्या, सुटी नाणी, सदऱ्याची बटणे जमा होऊ लागली. कोणी तिला 'पुनर्वापर' असे भारदस्त नाव दिले नाही, एवढेच.

आज या भांड्यात छोटी रोपे लावतात, मेण ओतून दिवा करतात, दागिने किंवा कापूस ठेवतात. कडव्या संग्राहकांना हे रुचत नाही आणि त्यांचा एक आक्षेप अगदी रास्त आहे : रोपासाठी बुडाला भोक पाडले की परत फिरता येत नाही. भांड्याच्या अंगात कायमचा बदल न करता दिलेले काम हे पाहुण्यासारखे असते. ते उद्या उठून जाऊ शकते. भोक हे पाहुणे नव्हे. व्यवहाराची आणखी एक सूचनाही येथे नमूद करावयास हवी. झिलईवर काढलेल्या जुन्या रंगांत शिशाचा अंश असू शकतो, तेव्हा लोणचे, लिंबू, चिंच असे आंबट पदार्थ या भांड्यांत ठेवू नयेत.

मात्र संग्राहकाचा आक्षेप भांड्यापुरता आहे. आमचा प्रश्न भांड्यातील रिकाम्या जागेविषयी आहे. रोप लावणारा भांड्याला भोक पाडतो हे खरे. पण ते अखंड जपून काचेआड ठेवणारा तरी त्यातील साखरेचे काय करतो? दोघांनीही साखर काढूनच टाकलेली असते. एकाने तेथे माती भरली, दुसऱ्याने निर्वात सौंदर्य. साखरदाणीला आजवर मिळालेले सर्वांत धाडसी नवे काम हे यांपैकी कोणतेच नव्हते. ते तिला सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मिळाले, आणि त्या वेळी तिच्यातील साखर काढण्यात आली नव्हती.

भांड्यावरील मजकूर

१७९१ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स याची वेस्ट इंडीजच्या साखरेवर व रमवर बहिष्कार घाला असे सांगणारी पुस्तिका निघाली आणि थोड्याच काळात तिच्या वीसहून अधिक आवृत्त्या झाल्या. फॉक्सचा युक्तिवाद घरगुती हिशेबाचा होता. आठवड्याला ५ पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने २१ महिने ती वर्ज्य केली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळेल, असे गणित त्याने मांडले. गणित काटेकोर होते की नाही हा मुद्दा गौण. कायदेमंडळात अडकलेला प्रश्न त्याने चहाच्या मेजावर आणून ठेवला, हे महत्त्वाचे. टॉमस क्लार्कसन या चळवळीच्या अग्रणीने पुढे अंदाज दिला, की किमान ३ लाख माणसांनी साखर सोडली होती. १७९२ मध्ये जेम्स गिलरेने या बहिष्कारावर व्यंगचित्र काढले : राजा आणि राणी बिनसाखरेचा चहा पीत मुलींना तो पिण्याचा आग्रह करीत आहेत, आणि मुलींची तोंडे वाकडी झाली आहेत. राणीला गुलामांपेक्षा वाचणाऱ्या खर्चाचा आनंद अधिक, अशी त्यातील खोच. १७९५ साली ब्रिस्टॉलमध्ये – म्हणजे ज्या बंदराची श्रीमंती या व्यापारावर उभी होती तेथेच – तरुण कोलरिजने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध व्याख्यान दिले आणि खोट्या गरजांतून हे पाप जन्मते असे श्रोत्यांना सांगितले.

गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद झाला. गुलामगिरी मात्र चालूच राहिली. १८२० नंतरच्या दशकात बहिष्कार पुन्हा उभा राहिला तो मुख्यतः स्त्रियांच्या बळावर. लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी १८२४ साली गुलामगिरी क्रमाक्रमाने नव्हे तर तत्काळ संपवा अशी मागणी करणारी पुस्तिका काढली व घरोघर जाऊन प्रचार केला. स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. पण घरात कोणती साखर येईल हे त्या ठरवीत असत. साखरदाणी हे त्यांच्या ताब्यातील क्षेत्र होते.

आणि मग ती साखरदाणीच बोलू लागली. लंडनजवळ पेकहॅम येथे बी. हेंडरसन या बाईंचे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान होते. 'आफ्रिकेच्या मित्रांसाठी' म्हणून त्यांनी जाहिरात दिली, की सोनेरी अक्षरांत मजकूर घातलेल्या साखरदाण्या दुकानात मिळतील. मजकूर असा : ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी बनविलेली नाही. अशी भांडी चिनी मातीत, साध्या मातीत, काचेत निघाली. काहींवर गुडघे टेकलेल्या, साखळदंडातील गुलामाचे चित्र असे. ब्रिटिश म्युझियममध्ये निळ्या काचेची एक साखरदाणी आहे. तिच्यावर सोनेरी अक्षरांत हेच शब्द आहेत.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या मजकुराकडे एक लघुरूप म्हणून पाहावे असे आम्हांला वाटते. पुस्तिका वाचून बाजूला ठेवता येते. या मजकुराला मात्र पाहुण्याला हात लावावाच लागे, कारण चिमटा त्याच भांड्यात होता. यजमानीणबाईंना एक शब्दही बोलण्याची गरज नव्हती. वाचणाऱ्याची सभ्यता आणि त्याची गोडाची आवड या दोहोंच्या मधोमध ते वाक्य उभे राही. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये (१८१४) अँटिग्वातील मळ्यांच्या मालकाच्या घरी गुलामांच्या व्यापाराविषयी प्रश्न निघतो आणि त्यामागून शांतता पसरते. एडवर्ड सैद यांनी १९९३ साली त्या शांततेकडे लक्ष वेधल्यापासून त्यावर पुष्कळ लिहिले गेले. काही घरांच्या मेजांवर ती शांतता मोडण्याचे काम एका भांड्याने केले, याचीही नोंद त्या चर्चेत व्हावयास हवी.

मजकुराखालचे

येथेच थांबलो तर लेख सुखान्त होईल. परंतु भांड्यावर ज्या साखरेची ग्वाही दिली होती ती आपल्या देशातील होती, आणि म्हणून ती ग्वाही तपासण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते.

पहिली गोष्ट हितसंबंधांची. ईस्ट इंडियाच्या साखरेवर इंग्लंडमध्ये वेस्ट इंडीजच्या साखरेपेक्षा हंड्रेडवेटमागे १० शिलिंग जादा जकात होती. ती काढण्यासाठी झटणाऱ्यांत लिव्हरपूलचे जेम्स क्रॉपर आघाडीवर होते. ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते, आणि हिंदुस्थानी साखरेचे आयातदारही होते. विरोधकांनी त्यांना यावरून धारेवर धरले. क्रॉपर यांची तळमळ खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही; सदसद्विवेक आणि नफा एकाच भांड्यात राहू शकतात, एवढेच यातून दिसते. जकात १८३६ मध्ये समान झाली.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. गुलामगिरी संपविणारा १८३३ चा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागू नव्हता. त्याला स्पष्ट अपवाद करण्यात आला होता. येथे गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढली गेली ती १८४३ च्या पाचव्या कायद्याने. म्हणजे पेकहॅमची सोनेरी अक्षरे ज्या काळात लिहिली जात होती, त्या काळात 'ईस्ट इंडिया'त गुलाम होते. बंगाल-बनारसकडील साखर वेस्ट इंडीजप्रमाणे मळ्यांवरील गुलाम करीत नव्हते, शेतकरी आणि खांडसरीचे कारागीर करीत होते, हे खरे. पण आगाऊ रकमेने बांधल्या गेलेल्या कुळाला 'मुक्त' म्हणावे का, हा प्रश्न त्या भांड्यावर मावणारा नव्हता. 'गुलाम नाही' एवढे लिहिले, की बाकी सर्व काही ठीक आहे असा अर्थ वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतो. लेबलाची भाषा अशीच असते. ती जे सांगते त्यापेक्षा जे न सांगता पटविते ते मोठे असते.

तिसरी गोष्ट कायद्यानंतरची. मालकांना २ कोटी पौंड भरपाई मिळाली. गुलामांना काहीच नाही. मळ्यांना मजूर हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून ३६ हिंदी मजूर मॉरिशसला उतरले. करारावर अंगठा उठवून निघालेल्या या माणसांनी त्या 'ॲग्रीमेंट'चा उच्चार 'गिरमिट' असा केला, आणि स्वतः गिरमिटिये झाले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे एकट्या मॉरिशसच्या उसात गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसे होती. त्यांच्या वंशजांनी तेथे मराठी आणि गणेशोत्सव दोन्ही टिकविले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. ज्या पोर्ट लुईच्या धक्क्यावर हे मजूर उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. पण मॉरिशसच्या साखरेने भरलेल्या साखरदाणीवर 'गुलामांनी बनविलेली नाही' हे वाक्य १८३५ नंतर कायद्याने निर्विवाद खरे होते. तेवढ्यावर समाधान मानावयाचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

महाराष्ट्राला ही कथा दूरदेशीची म्हणता येणार नाही. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर साखरेची मालकी शेतकऱ्याकडे आणली, ही आपल्या सामाजिक इतिहासातील मोठी घटना होय. उसाच्या फडात मात्र बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी 'उचल' घेऊन येणारी जोडपी राबतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि मधे मुकादम असतो. २०१९ साली ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. गिरमिट आणि उचल यांची बरोबरी करणे इतिहासाला धरून होणार नाही. कायदा वेगळा, काळ वेगळा, माणसाचे हक्क वेगळे. पण आधी हाती पडलेल्या पैशाने पुढचे श्रम बांधले जातात, हे दोन्हींत समान आहे. साखरपुड्यापासून 'तोंडात साखर पडो'पर्यंत आपल्या भाषेत साखर नेहमी शुभच राहिली. तिच्यामागे कोण राबले हे सांगणारा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला नाही, याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी करावयास हवा.

उपसंहार

तेव्हा साखरदाण्या जमवू नयेत असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. मुंबईच्या चोर बाजारात एखादे पोटाळ, झाकण हरवलेले भांडे हाती लागले तर ते अवश्य घ्यावे. त्याला घरात कामही द्यावे. कपाटात कोंडून ठेवलेल्या वस्तूपेक्षा हाताळली जाणारी वस्तू आम्हांला अधिक जिवंत वाटते. भोक मात्र पाडू नये. तुटले तर टाका दिसू द्यावा.

आम्ही सुचवू इच्छितो ते वाचनाविषयी आहे. भांड्याच्या बुडाची खूण ते कोणत्या कारखान्यात घडले हे सांगते. आत काय भरले गेले आणि ते कोणी पिकविले याची खूण कोठेच नसते. पेकहॅमच्या त्या दुकानदारीणबाईंनी तशी खूण घालण्याचा प्रयत्न केला. तो अपुरा होता, त्यात व्यापार होता, आणि आपल्या देशापुरते तो पूर्ण सत्यही सांगत नव्हता. तरीही साखर कोणी केली हा प्रश्न त्यांनी पाहुण्याच्या हातापाशी, चिमट्याच्या शेजारी ठेवला. संग्रहालयांतील अखंड, निर्दोष साखरदाण्यांनी तो विचारलेला नाही.

साहित्याच्या वर्गात लॅमचा निबंध किंवा ऑस्टिनची कादंबरी शिकविताना अशा एखाद्या भांड्याचे चित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवून पाहावे. मजकूर आधी वाचू द्यावा. मग 'ईस्ट इंडिया' म्हणजे नेमके कोणते गाव, कोणाचे शेत, कोणाचे हात, हे शोधावयास सांगावे. कोशातील 'शर्करा'ची नोंद त्यांनी शेवटपर्यंत वाचली असेल, तर साखर आणि खापरी हे एकाच शब्दाचे अर्थ कसे, याचे उत्तर त्यांना आमच्यापेक्षा चांगले देता येईल.